अंकासारखं दिसतं, ते अंक असतंच असं नाही



मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी. ओपन इलेक्टिव्ह म्हणून प्रोग्रॅमिंग घेतलं तेव्हा मंडळातल्या निम्म्या लोकांनी मला विचारलं, "तुला कशाला ते?" तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे, पण ते सांगण्याआधी माझ्या चुका सांगाव्या लागतील. सुरुवात निपाणीतल्या आमच्या गल्लीपासून करते.

शेजारच्या मावशी विड्या वळतात. रोजच्या विड्यांचा आकडा त्या एका जुन्या वहीत लिहितात. सुट्टीत मी घरी होते, पायथॉन नुकतंच शिकले होते आणि हात शिवशिवत होते. म्हटलं, मावशींना हिशेबाचा छोटा प्रोग्रॅम करून देऊ. सोमवारचा आकडा विचारायचा, मंगळवारचा विचारायचा, बेरीज दाखवायची. दहा ओळींचं काम. मावशींनी सांगितलं, सोमवारी ११५०, मंगळवारी ८५०. मी टाइप केलं, एंटर दाबलं. पडद्यावर उत्तर आलं: ११५०८५०.

मावशींनी चष्मा वर केला. "अकरा लाख? अगं पोरी, माझ्या सात पिढ्यांनी मिळून वळल्या नसतील एवढ्या!"

माझी पहिली चूक ती. प्रोग्रॅमिंग शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण ही चूक करतो. पुस्तकात तिला 'डेटा टाइपची चूक' म्हणतात. हा लेख अशाच चुकांबद्दल आहे. बीसीएवाल्यांना यातलं बरंच माहीत असेल. बीएवाल्यांसाठी मी ते आपल्या भाषेत मांडायचा प्रयत्न करते. (कोडमधले शब्द आणि अंक इथे देवनागरीत लिहिले आहेत, टाइप करताना ते अर्थातच रोमनमध्ये लिहायचे.)

टाइप म्हणजे शब्दाची जात

शाळेत आपण शब्दांच्या आठ जाती शिकलो. त्यात एक गंमत होती. 'वर' हा शब्द नाम की शब्दयोगी अव्यय? 'मांडवात वर आला' यात नाम. 'झाडावर पक्षी बसला' यात शब्दयोगी. अक्षरं तीच, पण वाक्यात तो शब्द काय काम करतो त्यावर त्याची जात ठरते. नुसतं रूप बघून जात सांगायला गेलो की मार्क गेले.

डेटा टाइपचंही तसंच आहे. संगणकाकडे जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची एक जात असते. सुरुवातीला चार पुरेत. पूर्णांक, म्हणजे इंट: विड्या, माणसं, पानं मोजायला. दशांश, म्हणजे फ्लोट: वजन, तापमान अशा मोजमापांना. मजकूर, म्हणजे स्ट्रिंग: नाव, पत्ता, ओळ. आणि होय-नाही, म्हणजे बुलियन: सभासद आहे की नाही, पैसे भरले की नाही. कोणत्या जातीवर कोणती क्रिया चालते, ते ठरलेलं असतं. आणि चिन्ह तेच असलं तरी जातीप्रमाणे क्रियेचा अर्थ बदलतो. दोन पूर्णांकांमध्ये अधिकचं चिन्ह म्हणजे बेरीज. दोन मजकुरांमध्ये तेच चिन्ह म्हणजे जोडणी, आपल्या संधीसारखी. मावशींच्या विड्यांचा मी संधी केला होता.

चूक पहिली: टाइप केलेलं सगळं मजकूरच असतं

पायथॉनमध्ये 'इनपुट' वापरून माणसाकडून काहीही घेतलं, की ते मजकूर म्हणूनच येतं. तुम्ही ११५० टाइप केलं तरी संगणकाच्या हाती पडतात चार चिन्हं: एक, एक, पाच, शून्य. त्यांची संख्या व्हायला हवी असेल तर 'इंट' लावून तसं सांगावं लागतं. मजकुराला तीनने गुणलं तर काय होतं, तेही करून बघा. मजकूर '२००' गुणिले ३ म्हणजे ६०० नव्हे, '२००२००२००'. संगणक काही तक्रार करत नाही. त्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे.

उलटी चूक केली तर मात्र पायथॉन अडून बसतो. 'मजुरी: ' या मजकुराला ४०० ही संख्या जोडायला गेलात तर तो लाल अक्षरांत टाइपची चूक दाखवतो. नवख्याला त्याचा राग येतो. खरं तर तो उपकार असतो. जावास्क्रिप्टचं वागणं वेगळं. तिथे मजकूर '५' अधिक संख्या ५ म्हणजे मजकूर '५५', पण मजकूर '५' वजा संख्या २ म्हणजे ३. एकदा जोडणी, एकदा वजाबाकी, आणि चुकलं म्हणून कोणी सांगतही नाही. अशी चूक महिनोन्महिने लपून राहू शकते.

आपल्या भागातल्या लोकांना कामाला येईल अशी एक गोष्ट. आपल्याकडे पावत्या तीन प्रकारच्या अंकांत मिळतात: मराठी, कन्नड आणि इंग्रजी. पायथॉनचं 'इंट' देवनागरी अंक घेतं, कन्नड अंकही घेतं आणि त्यांची नीट संख्या करतं. मी पहिल्यांदा देवनागरीत टाइप करून बघितलं तेव्हा माझा विश्वासच बसला नव्हता. जावास्क्रिप्टला मात्र देवनागरी अंक दिले तर ते 'ही संख्या नाही' असं उत्तर देतं. आणि आपण सवयीने १,१५० असा स्वल्पविराम टाकला, तर पायथॉनचं 'इंट'ही हात वर करतं. स्वल्पविराम माणसाच्या डोळ्यांसाठी असतो. संख्येचा तो भाग नाही.

चूक दुसरी: भागाकारात सांडलेलं

बेरीज दुरुस्त झाली. मग मजुरी. विडीची मजुरी हजारावर असते. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून दर हजारी २०० रुपये धरू. मी प्रोग्रॅमला सांगितलं: रोजच्या विड्यांना १००० ने भाग, २०० ने गुण आणि सगळ्या दिवसांची बेरीज कर. पायथॉनमध्ये भागाकाराची दोन चिन्हं आहेत. एक तिरकी रेघ दिली तर दशांशासकट उत्तर येतं. दोन तिरक्या रेघा दिल्या तर फक्त पूर्ण भाग उरतो. दशांश डोळ्यांना बरा दिसेना म्हणून मी दोन रेघा वापरल्या.

उत्तर आलं २०० रुपये.

या वेळी मावशी हसल्या नाहीत. वहीकडे बघून त्या बोटांवर मोजायला लागल्या. त्यांच्या हिशेबात पंचवीसचं एक बंडल. सोमवारची ४६ बंडलं, मंगळवारची ३४, मिळून ८०. ऐंशी बंडलं म्हणजे दोन हजार विड्या. "दोन हजाराचं चारशे होत्यात की गं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मला ते लागलं.

काय झालं होतं ते बघा. सोमवारी ११५० भागिले १००० म्हणजे १.१५, पण दोन रेघांनी त्याचा १ केला. दीडशे विड्या गेल्या. मंगळवारी ८५० भागिले १००० म्हणजे ०.८५, त्याचा झाला शून्य. अख्ख्या दिवसाची मजुरी शून्य. प्रोग्रॅम बिघडला नव्हता, अडखळला नव्हता. निम्मे पैसे गिळून त्याने स्वच्छ आकडा दाखवला. सी आणि जावा शिकणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं, कारण तिथे दोन पूर्णांक एकाच रेघेने भागले तरी असंच होतं.

निपाणीत वजन, भाव आणि मजुरीचा हिशेब कधीच नुसता गणिताचा प्रश्न नव्हता. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी याच भागात रस्त्यावर बसले होते, ते भावासाठीच. त्या गावात 'दशांश बरा दिसत नाही' म्हणून मी एका बाईची अर्धी मजुरी पुसली होती, कागदावर का असेना.

असं मोठमोठ्यांच्या हातूनही झालंय. कॅनडात व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने १९८२ च्या सुरुवातीला १००० पासून एक नवा निर्देशांक चालू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढायचा आणि तीन दशांश स्थळांपर्यंत ठेवायचा, अशी पद्धत होती. पण पुढचे अंक जवळच्या आकड्यात न बसवता सरळ कापले जायचे. दर वेळी एवढंसं सांडत गेलं. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२५ च्या आसपास दिसत होता, आणि खरा होता १०९९ च्या आसपास.

उपाय दोन. भागाकार शक्यतो शेवटी करायचा: आधी सगळ्या विड्यांची बेरीज, मग दराने गुणाकार, मग १००० ने भाग. आणि कापायचं की जवळच्या आकड्यात बसवायचं, ते आपण ठरवायचं, चिन्हावर सोडायचं नाही. बसवण्याचंही एक लक्षात ठेवा. पायथॉनचं 'राउंड' २.५ चे २ करतं आणि ३.५ चे ४ करतं. अगदी मधली संख्या असेल तर ते जवळच्या सम आकड्याकडे जातं. शाळेत आपण शिकलेला नियम हा नव्हे.

चूक तिसरी: पैशाला दशांश जात देणं

मग मी शहाणी झाले आणि सगळीकडे फ्लोट वापरायला लागले. तीही चूकच. कुठल्याही संगणकावर पायथॉन उघडा आणि ०.१ मध्ये ०.२ मिळवा. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. मला वाटलं लॅपटॉप बिघडला.

लॅपटॉप ठीक होता. आपण दहाच्या पटीत मोजतो, म्हणून एक भागिले तीन लिहायला गेलो की ०.३३३ संपतच नाही. संगणक दोनच्या पटीत मोजतो, त्यामुळे त्याच्याकडे एक भागिले दहा संपत नाही. कुठेतरी तोडावंच लागतं आणि तिथे कणभर चूक राहते. एका बेरजेत ती दिसत नाही. लाख बेरजांमध्ये दिसते. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरान इथे अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा येणारं क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक मेले. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत होतं, आणि तो दहावा भाग तोडून साठवला होता. शंभर तास सलग चालल्यावर ते घड्याळ सुमारे एक तृतीयांश सेकंदाने चुकलं होतं.

यात मला एक मजा सापडली. आपला जुना रुपया सोळा आण्यांचा होता आणि चौसष्ट पैशांचा. सोळा आणि चौसष्ट हे दोन्ही दोनच्या पटीतले आकडे. त्यामुळे एक आणा, म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, संगणक बिनचूक साठवू शकतो: ०.०६२५, पुढे काही नाही. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. माणसाला हिशेब सोपा झाला. फ्लोटला मात्र तो अवघड झाला. आमच्या आजीच्या तोंडी शेवटपर्यंत 'चार आणे, आठ आणे' होतं. संगणकाचं आणि तिचं चांगलं जमलं असतं.

पैशासाठी सोपा नियम असा: रुपये फ्लोटमध्ये ठेवू नका. सगळं पैशांत करा आणि पूर्णांक ठेवा. २३० रुपये ५० पैसे म्हणजे २३०५०. दाखवताना शंभरने भागून दाखवा. पायथॉनमध्ये 'डेसिमल' नावाचा प्रकारही यासाठीच आहे.

चूक चौथी: अंक दिसला की संख्या समजणं

मंडळाच्या सभासदांची यादी करताना मी ही चूक केली. दूरध्वनी क्रमांकाच्या रकान्याला पूर्णांकाची जात दिली. बेळगावचा एसटीडी कोड ०८३१, निपाणीचा ०८३३८. पूर्णांक केल्यावर पुढचं शून्य गेलं आणि उरलं ८३१ आणि ८३३८. संख्येच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते, म्हणून संगणकाने ते टाकून दिलं. त्याच्या परीने ते योग्यच होतं. चूक माझी, कारण तो आकडा संख्या नव्हताच.

अशा वेळी मी आता स्वतःला एक प्रश्न विचारते: यांची बेरीज करून काही अर्थ निघतो का? दोघांच्या पिनकोडची बेरीज केली तर कुठलं गाव येतं? दोन परीक्षा क्रमांकांची सरासरी कोणाचा क्रमांक? अर्थ निघत नसेल तर ते नाव आहे, अंकांच्या वेषातलं. पिनकोड, फोन, परीक्षा क्रमांक, आधार, बँक खातं हे सगळं मजकूर.

सी शिकणाऱ्यांसाठी आणखी एक कारण. तिथे इंट या पेटीला ठरावीक माप असतं. सहसा ३२ बिटांच्या त्या पेटीत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढीच संख्या मावते. आपले मोबाइल क्रमांक दहा अंकी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे भारतातला एकही मोबाइल क्रमांक त्या पेटीत मावत नाही. कोंबून बसवला तर भलतीच, कधी कधी ऋण संख्या बाहेर येते. पेटीचं माप न बघता माल भरल्याचं सगळ्यात महागडं उदाहरण ४ जून १९९६ चं. युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत भरकटून फुटलं. ६४ बिटांतली एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायला गेले आणि ती मावली नाही.

तारखांचंही असंच. ०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, अमेरिकन पद्धतीच्या सॉफ्टवेअरला ४ मार्च. तारखेला तारखेचीच जात द्यावी. उलट बाजूने, जे तारीख नाही त्यालाही स्प्रेडशीट तारीख करून टाकते. काही मानवी जनुकांची नावं इंग्रजी महिन्यांच्या नावांसारखी होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. इतकं की २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने ती नावंच बदलली.

चूक पाचवी: 'नाही' म्हणजे होय

ही लहान आहे, पण फसवी. फॉर्ममध्ये प्रश्न होता: 'वर्गणी भरली का?' लोकांनी 'होय' किंवा 'नाही' लिहिलं. मी त्या उत्तरांना थेट 'बुल' लावलं. सगळ्यांनी वर्गणी भरलेली निघाली! मंडळ एका क्षणात श्रीमंत झालं.

पायथॉनमध्ये मजकुराचं होय-नाही करताना संगणक अर्थ बघत नाही. काहीतरी लिहिलंय का, एवढंच बघतो. रिकामा मजकूर म्हणजे नाही. बाकी सगळं होय. मजकूर 'नाही' हाही होय. मजकूर '०' हाही होय. त्यामुळे 'उत्तर होय या शब्दाशी जुळतं का?' असं स्पष्ट विचारावं लागतं.

चूक सहावी: अक्षर म्हणजे काय?

आता आपल्या खऱ्या विषयाकडे येते. छंद शिकताना आपण मोठ्या अभंगाची मोजणी करतो: पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. मला वाटलं, अक्षरं मोजायला संगणक चांगला. पायथॉनमध्ये लांबी सांगणारं 'लेन' आहेच. मी लुटुपुटीचा एक चरण रचला: 'सीमेच्या गावात'. सी-मे-च्या-गा-वा-त, बरोबर सहा. 'लेन'ने सांगितलं १४.

संगणक अक्षरं मोजतच नाही, तो खुणा मोजतो. युनिकोडमध्ये 'सी' म्हणजे दोन खुणा, 'स' आणि दीर्घ वेलांटी. 'च्या' म्हणजे चार: च, हलन्त, य आणि काना. मधली मोकळी जागाही एक खूण. 'निपाणी'त आपल्याला तीन अक्षरं दिसतात, त्याला सहा खुणा. आणि निपाणी हा शब्द उलटा करायला सांगितला तर 'णीपानि' येत नाही. पहिली खूण एक लोंबकळणारी वेलांटी येते, मग 'णा', मग 'पि', मग 'न'. वेलांट्या आपापलं व्यंजन सोडून शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतात.

वर्गात मी यावर एक नियम काढला आणि तो बऱ्यापैकी चालतो. फक्त व्यंजनं आणि स्वतंत्र स्वर मोजायचे. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार सोडून द्यायचे. मग जितके हलन्त, तितके वजा करायचे. 'सीमेच्या गावात' यात व्यंजनं सात: स, म, च, य, ग, व, त. हलन्त एक. उरले सहा. चरण बसला! छंदाच्या तासाला शिकलेलं अक्षर आणि संगणकाची खूण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पहिल्यांदा तिथे कळलं. खरं तर मराठीने हे आधीही बघितलंय. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं ते रोमन अक्षरांत. ओव्या मराठी, खुणा परक्या. भाषा आणि तिच्या खुणा एक नसतात.

आता सगळ्यात अवघड जागा. 'ॲ' हे अक्षर टाइप करायच्या दोन वाटा आहेत. काही कीबोर्ड ती एकच खूण म्हणून देतात. युनिकोडमध्ये ती २००८ मध्ये आली. काही कीबोर्ड आधी 'अ' आणि त्यावर चंद्र, अशा दोन खुणा देतात, कधी मध्ये एक अदृश्य खूणही घालतात. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. 'ॲग्नेस' आणि 'अ‍ॅग्नेस'. तुम्हाला फरक दिसतो? मलाही दिसला नव्हता. पहिल्याची लांबी सहा खुणा, दुसऱ्याची सात, अदृश्य खूण असेल तर आठ. संगणकाला विचारलं, ही दोन नावं सारखी आहेत का? तो म्हणतो, नाही. क्रमवारी लावली तर एक 'अ'च्या ओळीत जातं आणि दुसरं 'ह'च्याही खाली, यादीच्या तळाला.

नोव्हेंबर हा आमच्याकडे मृतांच्या स्मरणाचा महिना. घराघरांतून नावं येतात आणि ती चर्चमध्ये वाचली जातात. त्या वर्षी यादीचं काम मी मोठ्या हौसेने घेतलं. घरांनी फोनवरून पाठवलेली नावं आमच्या जुन्या फाइलशी ताडून बघायची, जुळतील तेवढी वाचनाच्या यादीत घ्यायची, असा प्रोग्रॅम केला. जुळली नाहीत ती 'सापडली नाहीत' म्हणून वेगळ्या फाइलमध्ये गेली. ती फाइल मी उघडलीच नाही.

त्या संध्याकाळी आई माझ्या शेजारी बसली होती. नावं वाचून संपली. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. चपला काढता काढता एवढंच म्हणाली, "आजीचं नाव राहिलं गं."

आजीचं नाव ॲग्नेस. जुन्या फाइलमध्ये एका वाटेने टाइप झालेलं, आईने फोनवरून दुसऱ्या वाटेने पाठवलेलं. पुढच्या रविवारी ते नाव वाचलं गेलं, आणखी चार नावांबरोबर. पण त्या रात्री मी ती वेगळी फाइल उघडून बसले होते तेव्हा मला कळलं की 'सापडले नाही' या उत्तराचा अर्थ 'नाही' असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की तू ज्या खुणांनी विचारलंस त्या खुणांनी मला दिसलं नाही.

उपाय असा. ताडून बघण्याआधी सगळी नावं एका वळणावर आणायची. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे 'नॉर्मलायझेशन', काही ठिकाणी हे आपोआप करतं. 'ऱ' हे अक्षर एका खुणेने लिहिलं काय किंवा 'र' आणि नुक्ता अशा दोन खुणांनी लिहिलं काय, ते दोन्ही एक करून देतं. 'ॲ'च्या बाबतीत मात्र ते मदत करत नाही. ती अदलाबदल आपल्यालाच लिहावी लागते. गावांच्या नावांनाही हेच लागू. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नोंदीत 'बेळगावी' आलं. लोक बेळगाव लिहितात, बेळगावी लिहितात, बेलगामही लिहितात. आपल्याला गाव एक, संगणकाला गावं तीन. जिथे उत्तरं ठरलेली आहेत तिथे मोकळी जागा देऊ नका, निवडायला यादी द्या. आणि क्रमवारीचं एक सांगायचं राहिलं: खुणांच्या क्रमात 'ळ' येतो 'ल'च्या लगेच नंतर. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर असतो. कोश किंवा सूची करणाऱ्यांनी हे विसरू नये.

शेवटी, आणि थोडा सराव

चुका सहा सांगितल्या, पण मुळात चूक एकच आहे. वस्तू कशी दिसते यावरून आपण तिची जात ठरवतो. तिच्याशी आपल्याला काय करायचंय यावरून ती ठरवायला हवी. मोजायचं असेल तर पूर्णांक. ओळखायचं असेल तर मजकूर. कोणाला पैसे द्यायचे असतील तर पैशांतला पूर्णांक, आणि कुठे काय कापलं जातंय त्यावर डोळा. आणि प्रोग्रॅमने जे बाजूला काढलं, ती फाइल एकदा उघडून बघायची.

पुढच्या बैठकीला येताना हे करून आणा:

१. खालील गोष्टींना कोणती जात द्याल, आणि का? घर क्रमांक '१२/अ', ग्रंथालयातल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक, एका कवितेतल्या ओळींची संख्या, रक्तगट, उसाचं वजन.

२. 'बेळगाव' या शब्दात अक्षरं किती आणि खुणा किती? मग 'क्षत्रिय' घ्या आणि वर दिलेला नियम लावून बघा.

३. पाच दिवसांच्या विड्या, दर हजारी २०० रुपये. रोज भागून बेरीज करा, मग बेरीज करून शेवटी भागा. दोन्ही वेळा आधी एक रेघ, मग दोन रेघा वापरा. चारही उत्तरं लिहून आणा.

४. तुमचं स्वतःचं नाव दोन वेगळ्या कीबोर्डवर टाइप करा आणि संगणकाला विचारा, ही दोघं एकच आहेत का?

'तुला कशाला ते?' या प्रश्नाचं माझं उत्तर आता असं आहे: साहित्याच्या वर्गात आपण हेच तर शिकतो, शब्द कसा दिसतो आणि काय काम करतो यातला फरक. तो प्रोग्रॅमिंगमध्येही लागतो.

मावशींचा प्रोग्रॅम आता चालतो. पण वही त्यांनी सोडलेली नाही. शनिवारी त्या बंडलं मोजतात, मी पडद्यावरचा आकडा वाचते, आणि दोन्ही जुळले तरच त्या मान हलवतात. मला तीच पद्धत बरोबर वाटते.